हेडफोनमधले कॉर्ड

चारुशीलाकाकूंनी तीच चाल पुन्हा गाऊन दाखवली आणि शार्दूलकडे पाहिलं. चाल कैवल्यची, त्यांच्या मुलाची. रविवारी चंदीगडची मराठी मंडळी त्याच्या आठवणीसाठी जमणार होती. तिथे काकू ही चाल गाणार होत्या आणि मागे गिटारवर कॉर्ड, म्हणजे साथीचे एकत्र सूर, धरायचे होते कैवल्यच्या या मित्राने.

कैवल्यने हिवाळ्यात स्वतःचं आयुष्य संपवलं. चिठ्ठी नाही, काही नाही. तेव्हापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काकू एकच सांगत आल्या होत्या, की पोरगं दुःखी नव्हतं हो, रोज संध्याकाळी किती प्रसन्न चाल वाजवायचं. एवढ्या एका आधारावर बाई उभी होती.

गिटार इलेक्ट्रिक. सेक्टर ३९ मधल्या क्वार्टरच्या भिंती पातळ आणि खालचे शेजारी तापट, म्हणून कैवल्य हेडफोन लावून वाजवायचा. बाहेर यायची ती नुसत्या तारांची किणकिण. काकू शास्त्रीय गाणं शिकवणाऱ्या, त्यांनी तेवढ्यावरूनही सूर अचूक टिपले होते. कणीक मळता मळता त्या त्याच्या चालीवर गळा लावत आणि चाल गंधारावर लोंबकळत राहिली की पदरचा सा लावून ती पुरी करत. काय वाजवतोस म्हणून दाराबाहेरून विचारलं, तर आतून यायचं, "कुछ नहीं आई, टाइमपास." जन्म इथलाच, मराठी सगळं कळायचं पण उत्तर हिंदीत.

त्याचं लूपर पेडल अजून त्याच्या खोलीत खाली पडलेलं होतं. कॉर्ड एकदा वाजवून पायाने बटण दाबलं की ते साठवतं आणि तेच तेच वाजवत राहतं. त्यावर आपण चाल वाजवायची. त्याचेच कॉर्ड मिळाले तर बरं होईल, असं म्हणून शार्दूलने हेडफोन चढवला आणि बटण दाबलं.

ई मायनर. मग एफ. पुन्हा ई मायनर. बस, दोनच.

त्याने मनातल्या मनात चाल त्यावर ठेवून पाहिली आणि हेडफोन कानावर घट्ट दाबून पुन्हा ऐकलं. सूर तेच होते, एकही इकडचा तिकडे झालेला नव्हता. पण काकू ज्याला गंधार समजत होत्या, तिथे कैवल्यचा सा होता. गिटारवाले याला मोड बदलणं म्हणतात. खाली हे दोन कॉर्ड आले की त्या चालीत प्रसन्न असं काही उरतच नव्हतं. कोंडलेला माणूस खोलीत येरझारा घालतो तशी ती फिरत होती. शार्दूल आणि कैवल्य मोहालीच्या ऑफिसात रोज बरोबर चहा प्यायचे. त्यालाही काही कळलं नव्हतं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"रिकामं आहे काकू," तो म्हणाला. घाईघाईने त्याने गिटार घेतली आणि काकूंच्या सा ला जुळतील असे सरळ, गोड कॉर्ड धरले. चाल खुलली. काकू गाऊ लागल्या आणि अर्ध्यावर थांबल्या.

"रिकामं ऐकायला एवढा वेळ लागतो का रे? स्पीकरवर लाव."

त्याने वायर खराब असल्याचं सांगून पाहिलं. काकूंनी स्वतःच स्पीकर पुढे ओढला. शेवटी त्याने हेडफोनची वायर उपटली आणि ते दोन कॉर्ड खोलीभर झाले.

सवयीने काकूंनी वर चाल धरली. शेवटी आपला सा लावला. घास चावताना खडा लागावा तसा तो खटकला. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा खटकला. तिसऱ्यांदा त्या गंधारावरच थांबल्या, आणि तिथे तो सूर चपखल बसला. सा हलवला की तेच सूर भलताच राग होतात, हे त्या गाणं शिकायला येणाऱ्या मुलींना वर्षानुवर्षं शिकवत आल्या होत्या.

"भैरवी," त्या म्हणाल्या. "तो आत भैरवीचे सूर वाजवत होता, आणि मी बाहेर प्रसन्न बिलावल गात होते."

शार्दूल रडत होता. कोणालाच कळलं नाही काकू, एवढंच त्याला कसंबसं म्हणता आलं. पेडल बंद करायला तो खाली वाकला. काकूंनी त्याचा हात बाजूला केला आणि कैवल्यच्या खुर्चीत बसल्या.

"चालू दे," त्या म्हणाल्या. "इतके दिवस एकट्याने ऐकलं त्याने."