बाबांची प्रवाळाची टाकी

"बाबा, माझं ऐका, नुसते मासे ठेवा," दुकानदार गोवेंडर म्हणाला. "चार दिवस खुशाल कुठेही जा. प्रवाळाची टाकी म्हणजे पायात बेडी! रोज पाणी तपासा, निळे दिवे वेळेवर लावा, आणि डरबनची वीज गेली की बॅटरी जोडायला घरात माणूस हवंच."

"म्हणजे ख्रिसमसला केपटाउनला मुलाकडे जाता येणार नाही?"

"नावच काढू नका."

"मग प्रवाळच दे," म्बाथाबाबा म्हणाले. बंदरातल्या टगबोटीवरून निवृत्त झाल्यापासून ते टेकडीवरच्या घरात एकटेच राहत होते.

डिसेंबरात चर्चमध्ये बायकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "यंदा तरी जाणार ना मुलाकडे?" दरवर्षी गुडघा नाहीतर रक्तदाब पुढे करणारे बाबा या वेळी ताठ मानेने म्हणाले, "कसा जाऊ? घरी प्रवाळ आहेत."

"एवढंच ना?" शेजारची मा-झोंडी म्हणाली. "मग आम्ही शेजारी काय मेलोय? बॅटरी कशी जोडायची तेवढं दाखवा, मी राहते तुमच्या घरी. नातवंडांना भेटून या!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि शनिवारी तिनेच बाबांना बॅगेसकट बसमध्ये बसवून दिलं.

***

ख्रिसमसच्या संध्याकाळी बाबा बंदरालगतच्या एका लॉजच्या खिडकीतून समोरच्या टेकडीवरचा, आपल्याच घरातला निळा उजेड बघत बसले होते. मुलाने तर सहा वर्षांत एकदाही 'या' म्हटलं नव्हतं.