सुतकातला शिरा

गुरमीतचा मुलगा जसबीर ट्रक उलटून गेला, त्याला चार दिवस झाले. सुतकात चूल पेटत नसेल म्हणून शेजारची चंद्रावती पेज घेऊन आली. आत गुरुग्रंथाचा पाठ चालला होता आणि गुरमीत तुपात शिरा घोटत होती. "सुतकात गोड?" चंद्रावतीच्या तोंडून निघून गेलं. "प्रसाद आहे, दीदी. मरण आम्ही रोज आठवतो. आलं की रडायचं नाही, वाहेगुरूचा हुकूम मानायचा." तो ट्रक चंद्रावतीचा मुलगा गौरेश चालवत होता. सुर्ल्याच्या उतारावर ब्रेक लागले नाहीत, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. गुरमीतनं विचारलंच नाही. सोमवारचा उपास धरून खरं देवाच्या नावाआड दडवणं चंद्रावतीला सोसेना. "बाये, ब्रेक बरे होते गो. माझ्या झिलाचा, गौरेशचा, डोळा लागला." गुरमीतचा हात थांबला. शिरा करपू लागला. "हुकूम," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा शब्द फुटेना.