विसावा विद्यार्थी

एकोणीस जण पास झाले होते. राहिला होता लोटू.

"बाबा, या पुढे," रामदास पवार म्हणाला. "तुमचं झालं की आपलं काम संपलं."

सुरतेजवळच्या भेस्तानमधल्या त्या पत्र्याच्या खोलीत रामदास सकाळपासून बसला होता. प्रौढ शिक्षणाचा तीन वर्षांचा प्रकल्प. त्यातलं हे शेवटचं केंद्र तपासायचं, निकाल लिहायचा आणि फाइल बंद करायची. निघताना साहेबांनी बजावलं होतं, "वीसच्या वीस पास कर आणि गुंडाळून टाक. खोली परत द्यायची आहे."

काम खरं तर सोपं होतं. पटावर वीस नावं. बहुतेक खानदेशातून आलेल्या, कापडाच्या लूमवर नवरे कामाला असलेल्या बाया. रंभाबाईंनी एसटीची पाटी वाचून दाखवली, ती पदर सावरत, एकेक अक्षर बोटाने दाबत. उषाबाईंनी गावाकडच्या बहिणीला चार ओळींचं पत्र लिहिलं. शिकवणारी उज्ज्वला दाराशी उभी राहून प्रत्येकीबरोबर ओठ हलवत होती.

रामदासला मधेच आपली शाळा आठवली. खानदेशातलं बोरी नदीकाठचं गाव, शेणाने सारवलेली जमीन, दुपारच्या वेळी एका सुरात चाललेले पाढे. ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीचा तो वास. सुरतेत येऊन वीस वर्षं झाली, तरी तो वास कुठे गेला नव्हता. आज या खोलीत पाय टाकल्याबरोबर तो पुन्हा भेटला.

मागच्या भिंतीशी सात-आठ पोरी बसल्या होत्या. तेरा-चौदा वर्षांच्या.

"या कोण?" त्याने विचारलं.

"शाळा सुटलेल्या आहेत, सर," उज्ज्वला म्हणाली. "घरी साड्यांना टिकल्या चिकटवतात. दुपारी तासभर येऊन बसतात. पटावर नाहीत. वय बसत नाही ना नियमात."

"वाचता येतं?"

"ही हर्षदा. विचारा तिला."

हर्षदाने त्याच्या पिशवीतलं वर्तमानपत्र उचललं आणि घडाघडा वाचायला लागली. एका जोडाक्षराला अडखळली, मागे आली, पुन्हा वाचलं. रामदास बघत राहिला.

"दिवाळीला हिला क सुद्धा येत नव्हता," उज्ज्वला म्हणाली.

"मग केंद्र बंद झाल्यावर?"

हर्षदाने वर्तमानपत्राची घडी घातली आणि ते जसं होतं तसं पिशवीत ठेवलं.

नियम त्याला पाठ होता. सगळे पास, तर प्रकल्प यशस्वी आणि केंद्र बंद. एक जरी मागे राहिला, तर त्याच्यासाठी आणखी एक वर्ष. पटाबाहेरच्या पोरी कुठल्याच रकान्यात येत नव्हत्या.

लोटू समोर येऊन बसला. सत्तरीचा म्हातारा, पांढरी दाढी, जाड भिंगांचा चष्मा. मुलाकडे राहायला आला होता. मुलगा पलसाण्याला कपडा रंगवायच्या कारखान्यात होता. दोन वर्षं म्हातारा एकही दिवस चुकला नव्हता, आणि दोन्ही परीक्षांत नापास झाला होता.

"हे वाचा बाबा." रामदासने पाटीवर 'कमळ' लिहिलं.

म्हाताऱ्याने चष्मा वर-खाली केला. "माले नही जमाव, भाऊ."

"बरं, घर?"

"डोकामा राहस नही."

बाया हसल्या नाहीत. त्यांना सवय होती.

"तुमचं नाव तरी काढा. दोनच अक्षरं."

लोटूने पेन्सिल मुठीत धरली आणि एक वाकडी रेघ ओढली. रामदासला राहवलं नाही. तो खाली सरकला, म्हाताऱ्याचा हात हातात घेतला आणि सावकाश 'लो' गिरवून घेतला. कधीतरी त्याचाही हात कुणीतरी असाच धरला होता.

"आता तुम्ही एकट्याने."

पुन्हा वाकडीच रेघ आली.

रामदासने पेन उघडलं. 'वीसपैकी वीस' लिहिलं असतं तर साहेब खूश झाले असते. एका म्हाताऱ्याचं कोण बघायला येणार होतं? पेन कागदावर टेकून तो बराच वेळ बसला. मग खरं तेच लिहिलं. 'एकोणीस उत्तीर्ण. एक अनुत्तीर्ण. एक वर्षानंतर पूनर्मूल्यांकन आवश्यक. तोवर केंद्र चालू ठेवावे.' खाली इंग्रजीत आर. एन. पवार अशी सही केली.

लोटूने शाईत बुडवून त्याच कागदावर अंगठा उठवला. मागच्या भिंतीशी एकदम कुजबुज झाली. उज्ज्वलाने पाठ फिरवून डोळे पुसले.

"रागावू नका बाबा," रामदास म्हणाला. "खोटं लिहिता आलं नाही."

"चांगलं कयं, भाऊ."

तो निघाला तेव्हा म्हातारा सोबत बस-थांब्यापर्यंत आला. लूमचा खडखडाट रस्त्यापर्यंत येत होता. बस दिसली तसा रामदासने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या वर्षी येईन. तोवर शिका थोडं."

"ये," म्हातारा म्हणाला. "पण 'पुनर्मूल्यांकन'मधला पहिला उकार ऱ्हस्व काढ. चौथीतसुद्धा तू दीर्घच काढायचास, रामदास."