धूर खाणारी भिंत

कारंज्याला हायवेलगत मोनाली आणि तिचा नवरा रोशन यांचा ढाबा होता. दिवसभर ट्रकांचा धूर अंगावर यायचा, आणि त्या धुरानेच रोशनचा दमा वाढवला होता. कित्येक वर्षांत तो आडवा झोपला नव्हता. खाटेवर बसल्या बसल्याच भिंतीला टेकून डोळा लावायचा.

यंदा रस्ता आणि ढाब्याच्या मधे नव्या काँक्रीटची आडभिंत उभी राहिली. ऊन पडलं की हे काँक्रीट धूर खाऊन टाकतं, असं इंजिनिअर सांगून गेला. मोनालीने ते फारसं मनावर घेतलं नाही.

पण एका दुपारी रोशन म्हणाला, "छाती मोकळी लागून राह्यली वं," आणि पाय ताणून सरळ झोपला. मोनाली कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग डोळे पुसून भांडी घासायला बाहेर आली.

तेवढ्यात तिला ओळखीची घरघर ऐकू आली. ती धावत आत गेली. रोशन शांत झोपला होता.

घरघर आडभिंतीतून येत होती. तिने बाहेर येऊन भिंतीला हात लावला. तापलेलं काँक्रीट तळव्याखाली हळूहळू वरखाली होत होतं.

"पाणी दे वं," भिंत रोशनच्या आवाजात म्हणाली.

या हाकेला मोनाली इतकी वर्षं उठत आली होती, की विचार करायच्या आत तिने तांब्याभर पाणी भिंतीवर ओतलं. एक थेंबही खाली ओघळला नाही. घरघर थांबली. तिला हायसं वाटलं.

उघड्या दारातून खाट दिसत होती. झोपेतच रोशनने घोट गिळला.