पाचोऱ्याचं माहेर

"बंद कर तो फोन," यशोदाबाई दारातूनच म्हणाल्या. "या घरमा ती बोली नको."

दर्शनाने दचकून फोन कानापासून दूर केला. पलीकडून आईचा आवाज येतच होता. "गो, जेवलंस काय? आयकतस मा?"

"ठेवतंय गो आये. मागसून करतंय." दर्शनाने फोन बंद केला.

यशोदाबाई तिथे थांबल्या नाहीत. मागच्या मोरीवर जाऊन त्यांनी नळ मोठा सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा घासायला बसल्या.

दर्शना वेंगुर्ल्याजवळच्या एका खेड्यातली. बाप होडीवर जायचा. नवऱ्याचं, ललितचं, वय पस्तिशीकडे झुकलं तरी इकडे धुळ्यात मुलगी मिळत नव्हती, म्हणून मध्यस्थाने हे स्थळ आणलं. ललित साधा माणूस होता. देवपूर भागात त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, घरही जवळच. लग्नाला विरोध होता तो फक्त सासूचा, यशोदाबाईंचा. "इतली लांबनी पोर नको. तिना जीव रमाव नही," असं त्या बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. ते दर्शनाच्या कानावर आलं होतं आणि मनात राहिलं होतं.

धुळ्याचा उन्हाळा तिला सोसेना. दुपारी पांझरेच्या कोरड्या पात्रावरून वारा यायचा तो भट्टीतून आल्यासारखा. पहिल्याच आठवड्यात तिच्या नाकातून रक्त आलं. यशोदाबाईंनी तिला आडवं केलं, कपाळावर ओलं फडकं ठेवलं, पायांना कांदा चोळला. यातलं काहीही करताना त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

शिकवायच्या मात्र सगळं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी कशी थापायची, भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर कशी भाजायची, दुपारी खिडक्या कधी लावायच्या. दर्शना मालवणीत काही बोलून गेली की अहिराणीत थांबवायच्या. "आठे ऱ्हावानं शे ना? मंग आठलं बोल."

एकदा दर्शनाने माहेरून आणलेल्या काळ्या वाटाण्यांची उसळ केली. बाजारातून महागाचा नारळ आणून वाटण वाटलं. ललितने दोनदा मागून घेतली. यशोदाबाईंनी एक घास तोंडात घातला, थोडा वेळ तशाच बसल्या आणि ताटावरून उठल्या.

"माले नको. पुन्हा करू नको हाई."

त्या रात्री दर्शना ललितला म्हणाली, "तुमच्या आईला मी नकोच आहे."

"तसं नाही गं. तिचा स्वभावच तसा. ती कधी माहेरी गेलीच नाही ना."

"का?"

"पाचोऱ्याचं माहेर तिचं. कुणी उरलंच नाही तिकडे, असं नाना सांगायचे."

नाना म्हणजे ललितचे वडील, तोताराम. जन्मभर धरणांच्या आणि रस्त्यांच्या कामांवर गावोगाव फिरलेले. आता बाहेरच्या खोलीत त्यांचा हार घातलेला फोटो होता.

एप्रिलच्या शेवटी दर्शनाचे बाबा अंथरुणाला खिळले. तिने सासूला विचारलं, "चार दिवस जाऊन येऊ?"

यशोदाबाई गहू निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "आते नको. आते गयी तं परत पाय निघाव नही तुना. पहिले आठे रुजी जाय. मंग जाय."

दर्शनाने ललितकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. दुकानात सीझन होता, विहिरींच्या मोटारी रोज जळून येत होत्या. "पंधरा दिवसांनी जाऊ," तो म्हणाला.

पंधरा दिवस मिळाले नाहीत. मे महिन्यातल्या एका सकाळी भावाचा फोन आला. बाबा गेले होते. उन्हाळ्यामुळे थांबता येणार नव्हतं. तिने लांबून निघून पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार होतं.

दर्शना रडली नाही. तिने पिशवी काढली आणि हाताला येतील ते कपडे कोंबायला सुरुवात केली. ललित पुण्याच्या गाडीची तिकिटं बघायला स्टँडवर धावला.

यशोदाबाई खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काही खाई ले," त्या म्हणाल्या. "लांबना रस्ता शे."

तेवढ्याने दर्शनाचा बांध फुटला.

"आता सांगता? मी मागितलं होतं ना? चार दिवस मागितले होते! बाबांचं तोंड दिसलं असतं मला. शेवटी माझंच नाव घेत होते, दादा म्हणाला." तिचा आवाज चिरकला. "माझी बोली नको, माझं जेवण नको. मीच नको होते तुम्हाला. पण तुम्हाला काय कळणार? पाचोऱ्याचं माहेर तुमचं. दोन तासांत गाडीतून उतरावं, इतकं जवळ. आपलं सगळं मागं टाकून यायचं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला कधी कळणारच नाही!"

एवढं बोलून ती खाली बसली आणि गुडघ्यांत तोंड घालून रडू लागली. आता तिला परत यायचंच नव्हतं. तसं ती ललितला पुण्याच्या गाडीत सांगणार होती.

यशोदाबाईंनी मागे वळून बाहेरच्या खोलीतल्या फोटोकडे पाहिलं, दार लोटून घेतलं आणि भिंतीला धरत तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. तिचा हात ओढून त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरला. त्यांचे ओठ दोनतीनदा हलले. शब्द फुटायला वेळ लागला.

"माझो बापूस गेलो, तेवा माका कोणी सोडूक नाय गो," त्या म्हणाल्या. "तू जा. आणि चेडवा... दर्यार गेलंस तर माझ्या नावान एक नारळ सोड."