बाटलेलं पुस्तक

“पुस्तक बाथरूमातच हाय गा,” धुरपताबाईनं दारातूनच सांगितलं. “आन् तिथं गेलेलं पुस्तक मी घरातून फिरवू देत नाही, तुले मालूम हाय.”

चंद्रकुमारला मालूम होतं. अख्ख्या अड्याळ गावाला मालूम होतं. धुरपताबाईचा मुलगा कमलेश म्हणजे चंद्रकुमारचा शाळेपासूनचा दोस्त. धानाचा व्यापारी, चाळिशी आली तरी बिनलग्नाचा. पुस्तकांचा नाद दांडगा, पण पुस्तक वाचणार ते फक्त बाथरूममध्ये. पूर्वी परसातल्या संडासात पेपर घेऊन बसायचा. हाती पैसा आल्यावर त्यानं आपल्या झोपायच्या खोलीला लागून टाइल्सचं बाथरूम बांधलं आणि त्यात पुस्तकांसाठी फळी ठोकली.

झोपायच्या खोलीला लागून संडास, हे धुरपताबाईला पटलं नव्हतं. ती त्या खोलीत पाय ठेवत नसे. तिथं गेलेलं पुस्तक तिच्या लेखी बाटलं. वाचून झालं की ते कमलेशच्या खोलीच्या मागच्या दारानं गल्लीत निघायचं आणि ज्याचं त्याच्या घरी जायचं. त्याआधी नाही.

गोष्ट हसण्यासारखी होती, पण चंद्रकुमारला हसू येत नव्हतं.

त्याचं भांड्यांचं दुकान. हर्षाशी लग्नाला बरीच वर्षं झालेली. भाजीतलं मीठ आणि लाइटचं बिल, एवढंच नवरा-बायकोत बोलायला उरलं होतं. मग नागपूरच्या फुटपाथवर त्याला एक जुनी रहस्यकथा मिळाली. मुखपृष्ठ गायब, पण आतून कोरी करकरीत. पानं अजून कडेला जोडलेलीच. आता कुठे छापतही नाहीत, विकणारा म्हणाला.

रोज दुकान वाढवून आला की चंद्रकुमार सुरीनं एका प्रकरणाची पानं सोडवायचा आणि मोठ्यानं वाचायचा. हर्षा पोळ्या लाटता लाटता थांबायची.

“थांबा जी. मुनीमच हाय तो, मी सांगते तुमाले.”

“आन् ते आत्या?” तो विचारायचा.

“बिचारी आंधळी, ते कायले खून करते?”

वाद घालता घालता भात थंड व्हायचा. आपली बायको इतकी बोलते, हे चंद्रकुमार विसरूनच गेला होता. दुकानात गिऱ्हाईक समोर असलं तरी त्याचं लक्ष संध्याकाळकडे लागलेलं असायचं.

एकच प्रकरण उरलं आणि कमलेश चहाला टपकला. “दे ना बे, आठ दिवसांत आणतो.”

चंद्रकुमारचं तोंड उतरलं. हर्षाच म्हणाली, “द्या ना जी. दोस्ताले नाही म्हणता काय?” आणि तो गेल्यावर म्हणाली, “पण शेवट आपण संगच वाचू. एकट्यानं वाचाल त तुमाले माझी शपथ हाय.”

त्या शपथेनंच तो इतका सुखावला की पुस्तक गेल्याचं दुःख मागे पडलं.

आठ दिवसांचा महिना झाला. घरात पुन्हा मीठ आणि लाइटचं बिल सुरू झालं. “तूच जाऊन माग ना,” तो एकदा हर्षाला म्हणाला.

“मी नाही जात त्या घरी. धुरपतामायची जीभ पाहिली काय?” ती म्हणाली. तेही खरंच होतं; त्या बाईच्या जिभेला हाड नव्हतं.

म्हणून आज तो स्वतः आला होता. आवाज ऐकून कमलेश बाहेर आला आणि त्याला हाताला धरून खोलीतून थेट बाथरूममध्ये घेऊन गेला. फळीवर पुस्तक होतं. चंद्रकुमारनं उघडून पाहिलं. शेवटच्या प्रकरणाची पानं तशीच जोडलेली होती. नुसतं बोट घातलं असतं तरी काम झालं असतं.

“वाच ना बे,” कमलेश म्हणाला. “कोण पाहून राहिलं?”

“नाही. हर्षानं शपथ घातली हाय.”

कमलेश मोठ्यानं हसला. “मंग ठेव तिथंच. मी बी नाही पोचलो शेवटाले. सीझन हाय, दिवसभर काट्यावर धान मोजून राहिलो. चार दिवस दे.”

चंद्रकुमारनं पुस्तक जपून फळीवर ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी त्याला माल आणायला भंडाऱ्याला जावं लागलं. काम लांबलं, मुक्काम पडला. परत येऊन दुकान उघडतो तोच कमलेश समोर उभा. मान खाली.

“पुस्तक बादलीत पडलं गा. रातभर पाण्यात होतं. लगदा झाला. फेकून देलं.”

“आन् शेवट?”

“मी बी नाही वाचला. पानं जोडलेलीच होती.”

चंद्रकुमारला दोस्तावर रागावताही येईना. मुद्दाम थोडंच केलं त्यानं? पण दिवसभर त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पुस्तक गेलं त्याचं काही नाही. आता हर्षाशी बोलायचं कशावर?

संध्याकाळी त्यानं तिला सगळं सांगितलं.

“मोह झाला होता मले. पानं हाती होती. कमलेश बी म्हणे, वाच. पण तुझी शपथ होती, मी नाही वाचलं.”

हर्षानं पिठाचे हात पुसले. जवळ येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात तिनं कितीतरी दिवसांत ठेवला नव्हता. चंद्रकुमारला भरून आलं. गेलं तर गेलं पुस्तक, त्याला वाटलं, ही तर आहे.

“इतकं मनाले लावून घेऊ नका जी,” ती मायेनं म्हणाली. “ते आत्या आंधळी नव्हतीच. बाकी शेवट काही खास नव्हता.”