उडालेला चेहरा

मुखेडच्या माझ्या स्टुडिओत साखराबाई पोराच्या लग्नाचा फोटो घेऊन आल्या. दुपारच्या उन्हानं फोटोत त्यांचाच चेहरा उडून पांढराफटक झाला होता. “नाकडोळं दिसू दे बाई, हॉलमधी लावायचाय.” त्यांनी मला ओळखलं नाही. मी मात्र विसरले नव्हते. याच पोरासाठी मला बघायला आल्या, तेव्हा दारातल्या उजेडात नेऊन पदरानं माझा गाल पुसला होता. “पावडरीखाली पोरगी काळी हाय,” म्हणत चहा न घेताच उठल्या होत्या. मी कॉम्प्युटरवर चेहऱ्याचा उजेड हळूहळू खाली ओढला. नाक आलं, नथ आली, सुरकुत्या आल्या आणि रंगही आला, माझ्यासारखाच. इथं थांबता आलं असतं. मी उजेड अजून थोडा खाली ओढला आणि मोठी प्रिंट काढली. साखराबाई दचकल्या. “अगं, मी एवढी काळी हाय का?” मी प्रिंट त्यांच्यापुढे सरकवली. “पदरानं पुसून बघा, काकू.”